जी. एन. जोशी

जी. एन. जोशी (जन्म : १९०९, मृत्यू : १९९४) हे मराठी भावगीत गायक, संगीतकार आणि हिज मास्टर्स व्हॉइस (एच.एम.व्ही.) या ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण अधिकारी होते. कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी ग्रामोफोनसाठी गायिली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची परंपरा सामान्यतः या गीतापासून मोजली जाते. पुढे तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी हिंदुस्थानी संगीतातील अनेक थोर कलावंतांचे गायन-वादन ध्वनिमुद्रित करवून घेतले. संतूर, बासरी आणि गिटार या तीन वाद्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही जगभर गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच निर्मितीखाली तयार झाली. गिटारसारख्या परदेशी वाद्याचा रागसंगीतातील स्वर मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचविणाऱ्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

== पार्श्वभूमी ==

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी त्या वर्षी कोलकात्यात गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून, शक्य तितक्या खणखणीत आवाजात गावे लागे. कर्ण्यात शिरलेल्या ध्वनीच्या कंपनांनी पडदा हाले, त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरी आणि त्या चरावरून पुढे विक्रीच्या तबकड्या तयार होत. या पद्धतीत हळुवार स्वर, श्वासाची किनार, तंबोऱ्याचा झंकार यांपैकी फारच थोडे उतरे. नाजूक तंतुवाद्यांची तर फारच आबाळ होई.

१९२५ सालापासून विद्युत ध्वनिमुद्रणाचे तंत्र प्रचारात आले आणि काही वर्षांत ते भारतातही पोहोचले. कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. ध्वनीचे विजेच्या लहरींत रूपांतर होऊन त्या वर्धकाद्वारे सुईपर्यंत जाऊ लागल्या. जुलै १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि मायक्रोफोनपुढे गाण्याची सवय गायकांना होऊ लागली. त्यापूर्वीच्या नाट्यगायकाला थिएटरातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. मायक्रोफोनपुढे मात्र कुजबुजीच्या जवळ जाणारा स्वरही स्पष्ट उमटे. शब्दांचा अर्थ आणि त्यामागील भाव हळुवारपणे उलगडणाऱ्या गायनाला यामुळे अवकाश मिळाला. मराठीत याच सुमारास रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले होते. गेय कविता, नवे यंत्र आणि ते यंत्र ओळखून गाणारा गळा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा भावगीत हा प्रकार आकाराला आला.

== भावगीत गायन ==

जोशी यांचा विदर्भाशी, विशेषतः नागपूरशी, निकटचा संबंध होता. ते कायद्याचे पदवीधर होते. मात्र त्यांचा ओढा गाण्याकडे होता. त्यांचे समवयस्क असलेले कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करीत. ग्रामीण प्रेमभावनेचा साधा, नादमधुर आविष्कार हे देशपांडे यांच्या कवितेचे वैशिष्ट्य होते. त्यांची ‘शीळ’ ही कविता जोशी यांनी चालीत बांधून मैफलींत म्हणण्यास सुरुवात केली. १९३२च्या सुमारास एच.एम.व्ही.ने तिची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती महाराष्ट्रभर गाजली. देशपांडे यांचा याच नावाचा काव्यसंग्रह त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५४ साली, प्रसिद्ध झाला. म्हणजे कविता पुस्तकातून वाचकांकडे जाण्याआधीच ग्रामोफोनच्या तबकडीवरून श्रोत्यांच्या ओठी गेली होती.

मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या वऱ्हाडातील पुसद, उमरखेड, मेहकर यांसारख्या गावांच्या दृष्टीने या घटनेला वेगळे महत्त्व होते. नामवंत गवयांची मैफल तेथे क्वचितच होई. तबकडी मात्र चावीच्या यंत्रावर कोठेही वाजविता येई. त्यामुळे आडगावच्या कवीची रचना मुंबईच्या स्टुडिओत जाऊन पुन्हा आडगावी परत येण्याचा मार्ग खुला झाला.

यानंतर जोशी यांच्या अनेक भावगीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळी गांधारी हनगल या नावाने ध्वनिमुद्रिका देणाऱ्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्यासमवेत त्यांनी गायिलेली मराठी युगुलगीतेही लोकप्रिय झाली. किराणा घराण्याच्या पुढे मान्यता पावलेल्या या गायिकेचा तरुणपणीचा कोवळा, उंच स्वर या तबकड्यांत जतन झाला आहे. नंतरच्या काळात त्यांचा आवाज बदलला, भारदस्त व रुंद झाला. त्यामुळे या गीतांना भावगीतापलीकडे ऐतिहासिक पुराव्याचेही मोल प्राप्त झाले आहे.

== ध्वनिमुद्रण अधिकारी ==

१९३८ साली जोशी एच.एम.व्ही.च्या मुंबई येथील ध्वनिमुद्रण विभागात दाखल झाले. आतापर्यंत मायक्रोफोनच्या पुढे उभा राहणारा गायक आता काचेच्या पलीकडे बसून इतरांचे गाणे ऐकू लागला. कलावंत निवडणे, त्यांना ध्वनिमुद्रणास राजी करणे, राग व चीज यांची निवड करून ती वेळेत बसविणे आणि मुद्रणाच्या वेळी स्वर, ताल व वाद्यांचा तोल सांभाळणे, अशी या पदाची कामे होती.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांची असे. तासभर राग आळविणाऱ्या गवयाला त्या वेळेत आलाप, बंदिश आणि तान बसवावी लागे. अनेक बुजुर्गांना हे रागाशी केलेली तडजोड वाटे. आपली विद्या तबकडीतून कोणाच्याही हाती जाईल, ही शंकाही काहींच्या मनात असे. कंपनीच्या दृष्टीने तबकडी विकली जाणे आवश्यक होते, तर कलावंताच्या दृष्टीने आपले नाव एका फसलेल्या तीन मिनिटांशी कायमचे जोडले जाण्याचा धोका होता. या दोहोंच्या मध्ये उभे राहून दोघांचाही विश्वास टिकविणे, हे जोशी यांच्या कामाचे मर्म होते. ते स्वतः गायक असल्यामुळे कलावंतांशी त्यांना त्यांच्याच भाषेत बोलता येई. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर, हिराबाई बडोदेकर आदी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांशी त्यांचा संबंध आला.

मेणाच्या तबकडीच्या काळात चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. कोरलेले मेण वाजवून पाहिले तर त्यावरील चर खराब होई आणि ती तबकडी पुढील प्रक्रियेस निरुपयोगी ठरे. म्हणून आधी चाचणीसाठी एक तबकडी कोरून ऐकत, मायक्रोफोनचे अंतर ठरवीत आणि मग प्रत्यक्ष मुद्रण करीत. मुद्रित मेण कारखान्यात जाऊन त्यावर धातूचा मुलामा चढे आणि त्यापासून साचे बनत. हे काम कोलकात्याजवळील डमडम येथील कारखान्यात होई. १९५०च्या दशकात चुंबकीय फीत रूढ झाल्यावर मुद्रण लगेच ऐकण्याची व पुन्हा करण्याची सोय झाली. त्या दशकाच्या अखेरीस दीर्घवादन तबकड्या, म्हणजे एल.पी., भारतात आल्या. त्यांच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि रागविस्ताराला प्रथमच पुरेसा वेळ मिळाला.

== मायक्रोफोनची निवड आणि मांडणी ==

जोशी यांच्या कारकिर्दीत मायक्रोफोनच्या तंत्रात मोठी स्थित्यंतरे झाली. ध्वनिमुद्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोफोनचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

'''हलत्या वेटोळ्याचा (डायनॅमिक) मायक्रोफोन :''' यात पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. तो मजबूत असून मोठा आवाज सहज सोसतो. मात्र वेटोळ्याच्या वजनामुळे तारेवर झालेल्या आघाताचा अगदी सूक्ष्म कण त्यात काहीसा बोथट होतो.

'''पट्टीचा (रिबन) मायक्रोफोन :''' यात चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची अतिशय पातळ पट्टी टांगलेली असते. तो समोरून व मागून सारखाच ऐकतो आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. त्याचा स्वर मऊ असतो. कर्कशपणाकडे झुकणाऱ्या आवाजांना तो मानवतो. पट्टी नाजूक असल्याने त्याची काळजी घ्यावी लागते.

'''कंडेन्सर मायक्रोफोन :''' यात विद्युतभारित पातळ पडदा आणि त्यामागील स्थिर पट्टी यांच्यातील अंतर ध्वनीमुळे बदलते. पडदा अतिशय हलका असल्याने तारेवरील नखीचा स्पर्शही तो टिपतो. तंतुवाद्यांसाठी म्हणूनच त्याला प्राधान्य दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील नॉयमान कंपनीने १९४९ साली आणलेला यू ४७ हा या प्रकारातील विशेष गाजलेला मायक्रोफोन होय.

निवडीइतकेच महत्त्व मांडणीला असते. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की ध्वनिदाब निम्म्यावर येतो. त्यामुळे वाद्य व मायक्रोफोन यांच्यामध्ये वीतभर फरक पडला तरी तोल बदलतो. दिशादर्शी मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ नेल्यास खर्जाचे स्वर अवाजवी फुगतात. फार दूर नेल्यास खोलीचा घुमारा वाढतो आणि वाद्याचा चेहरा पुसट होतो. एकाहून अधिक मायक्रोफोन असतील, तर दोन मायक्रोफोनांमधील अंतर हे प्रत्येकाच्या आपापल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवण्याचा प्रघात आहे. अन्यथा एकच ध्वनी दोन्हीकडे किंचित पुढेमागे पोहोचून स्वर पोकळ भासतो.

गिटारच्या बाबतीत ही कसोटी विशेष अवघड असते. गोल छिद्राच्या गिटारचा मायक्रोफोन थेट छिद्रासमोर धरला तर आतल्या हवेचा घुमणारा खर्ज इतर स्वरांवर मात करतो. मान जेथे खोक्याला मिळते त्या भागाकडे, साधारणतः बाराव्या पडद्याच्या दिशेने, एक ते दीड फुटावर तो ठेवला तर तारेचा झंकार आणि लाकडाचा नाद यांचे प्रमाण जुळते. घोडीच्या बाजूने ठेवल्यास स्वर अधिक लाकडी व भरीव येतो. हवाईयन पद्धतीच्या वादनात पोलादी कांडी तारेवरून घसरते. त्या घसरण्याचा सूक्ष्म आवाज पूर्णपणे नाहीसा केला तर मींडेतील जिवंतपणा जातो आणि तो वाढला तर स्वराला कचकच येते. कोणता मायक्रोफोन आणि किती अंतर, याचे उत्तर म्हणून वाद्य, वादक आणि खोली या तिन्हींवर अवलंबून असते.

== ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ==

हवाईयन गिटार भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळली होती. चित्रपटगीतांत तिचा मुबलक वापर होई. व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या एच.एम.व्ही. तबकड्या घरोघरी वाजत. मात्र हे वाद्य हलक्याफुलक्या संगीताचे, असाच समज होता. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेऊन गिटारवर राग वाजविण्यास आरंभ केला. पाश्चात्त्य गिटारच्या रचनेत त्यांनी बदल केले. तारा पडद्यांपासून उंच उचलून घेतल्या, सुरासाठी वेगळी तार जोडली आणि वाद्य मांडीवर आडवे ठेवून ते पोलादी कांडीने वाजवू लागले. अखंड घसरत जाणारी मींड हे गिटारचे बलस्थान ठरले.

याच काळात जम्मूचे शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) हे काश्मीरच्या लोकसंगीतातील संतूर मैफलीत आणीत होते. संतूर लहान काड्यांनी वाजत असल्याने तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप जाणकार घेत. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया (जन्म : १९३८) हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादन करीत होते. तिघेही तिशीच्या आसपासचे होते. तिघांपैकी एकाचे वाद्य परदेशी, तर दुसऱ्याचे लोकसंगीतातून नव्याने आलेले. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या जोशी यांनी या तिघांना एकत्र आणून एका कथासूत्रावर आधारलेली दीर्घवादन तबकडी तयार करविली. ती १९६७ साली प्रकाशित झाली.

काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या क्रमाने सांगणे ही तिची कल्पना होती. आरंभी अहिर भैरव व नट भैरव, त्यानंतर पिलू, संध्याकाळी झपतालातील भूप, पुढे दादऱ्यातील देस आणि अखेरीस केरव्यातील पहाडी अशी तिची रचना आहे. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांनी केली. रागांच्या समयचक्राची परंपरागत कल्पना येथे कथेचा कणा बनली. त्यामुळे रागसंगीताशी परिचय नसलेल्या श्रोत्यालाही ती सहज समजली.

ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने या तीन वाद्यांचा मेळ कठीण होता. संतूरचा स्वर टणत्कारी असून क्षणात उमटतो आणि विरतो. बासरीत फुंकीचा श्वास मिसळलेला असतो आणि तिचा स्वर वादकाच्या हालचालीबरोबर सरकतो. गिटारचा स्वर खालच्या सप्तकात रुंद पसरतो आणि दीर्घकाळ रेंगाळतो. एकाला जवळ आणले की दुसरा झाकोळतो. प्रत्यक्ष तबकडीत मात्र ही तिन्ही वाद्ये एकमेकांना वाट देताना ऐकू येतात. तबला कोठेही अंगावर येत नाही. गिटारची मींड संतूरच्या तुटक थेंबांमागे अखंड रेषेसारखी राहते. संतूरमध्ये जे नाही ते गिटार पुरविते आणि गिटारपाशी जी लखलख नाही ती संतूरकडे आहे. वाद्यांच्या निवडीतच तोलाचा अर्धा प्रश्न सुटलेला दिसतो.

रागांची छोटी रूपे आणि कथासूत्राचा आधार यांमुळे ही तबकडी निखळ शास्त्रीय म्हणावी की सुगम, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. तथापि तिने भारतात व पाश्चात्त्य देशांत अनेकांना रागसंगीताच्या दाराशी आणले, हे निर्विवाद आहे. तिन्ही वादकांच्या कीर्तीत तिचा मोठा वाटा आहे. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांनी पुढे शिव-हरी या नावाने चित्रपटांनाही संगीत दिले. काबरा यांच्यानंतर गिटारवर राग वाजविणाऱ्या वादकांची पिढी उभी राहिली आणि मैफलीतील गिटारचे परकेपण सरले.

== लेखन ==

निवृत्तीनंतर जोशी यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे मराठी पुस्तक आणि ‘डाउन मेलडी लेन’ (१९८४) हे इंग्रजी पुस्तक संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. थोर कलावंतांचे स्वभाव, त्यांचे रुसवेफुगवे, मोठेपणा आणि स्टुडिओतील अडचणी यांचे चित्रण त्यांत आहे. गायकाने गायकांविषयी लिहिलेले असल्याने त्यात आपुलकी आहे; कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिलेले असल्याने व्यवहाराची जाणही आहे. विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीत तबकडीवर कसे आले, याचा हा महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त मानला जातो.

== महत्त्व ==

जोशी यांच्या कार्याचे दोन भाग पडतात. गायक म्हणून त्यांनी मराठी कवितेला ग्रामोफोनचा आवाज दिला. गजानन वाटवे आदी पुढील गायकांनी ही वाट अधिक रुंद केली. ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून त्यांनी जे स्वर मैफलीबरोबर विरून गेले असते ते टिकविण्यास हातभार लावला. हिंदुस्थानी संगीताची परंपरा गुरुमुखातून चालत आली आहे. गवई गेला की त्याची गायकी शिष्यांच्या गळ्यात जेवढी उरेल तेवढीच उरे. ध्वनिमुद्रिकेने त्याला प्रथमच अपवाद निर्माण केला. तबकडीवर जे उतरले नाही ते आज केवळ वर्णनातून जाणावे लागते. जे उतरले ते कितपत खरे उतरले, हे त्या दिवशी मायक्रोफोन कोठे ठेवला होता आणि काचेपलीकडे कोण ऐकत होते यावर ठरले. भावगीताची पहिली तबकडी गाणाऱ्या या विदर्भीय गायकाचे नाव त्यामुळे मराठी सुगम संगीताच्या इतिहासाइतकेच भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही घेतले जाते.